आंबा घाटातील लाल दिवा : ऑइलच्या दाबाच्या सूचनेचे एक प्रकरण

गेल्या डिसेंबरमधील एका मंगळवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास माझ्या धाकट्या बहिणीच्या मोटारीत, रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावर साखरप्याच्या थोडे अलीकडे, डॅशबोर्डवरील ऑइलचा लाल दिवा तीन-चार सेकंद लुकलुकला आणि विझला. त्यानंतर पाऊण तासाच्या आत ती आंबा घाटाच्या चढावर इंजिन बंद करून उभी होती. या पाऊण तासात तिने काय केले, मी फोनवरून तिला काय सांगितले आणि त्यातले काय चुकले, याची ही नोंद आहे. कोल्हापुरात माझे स्वतःचे वर्कशॉप आहे आणि २२ वर्षे मी इंजिने खोलण्या-बांधण्याचेच काम करतो आहे. तरीही या प्रकरणातील सर्वांत मोठी चूक माझी होती, आणि ती अज्ञानातून नव्हे तर सवयीतून झाली, म्हणून ती तपशिलाने लिहिणे मला आवश्यक वाटते.

गाडी पाच वर्षांची, चार सिलिंडरची, १.२ लिटर क्षमतेच्या पेट्रोल इंजिनची आहे. फिल्टरसह तिच्यात साधारण साडेतीन लिटर ऑइल बसते. घटनेच्या अकरा दिवस आधी बहिणीने सांगलीत घराजवळच्या एका गॅरेजमध्ये तिचे सर्व्हिसिंग करून घेतले होते. ऑइल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर नवे घातले होते. रविवारी ती आणि तिच्या सासूबाई नातेवाइकांच्या वास्तुशांतीसाठी रत्नागिरीला गेल्या. जाताना काहीही वेगळे जाणवले नाही. दोन दिवस गाडी नातेवाइकांच्या अंगणात उभी होती. मंगळवारी सकाळी तिने गाडी सुरू केली, सामान चढेपर्यंत पाचेक मिनिटे इंजिन तसेच चालू ठेवले आणि मग जागेवरून वळवून दारात आणली, तेव्हा आधीच्या जागी जांभ्याच्या फरशीवर ताटाएवढा ओला डाग होता. एसीचे पाणी असेल असे समजून तिने तो सोडून दिला. एसी तोवर लावलेला नव्हता, हे तिला नंतर आठवले.

या डागाविषयी थोडे सांगायला हवे. गळलेले ऑइल काळे असते असा सर्वांचाच समज असतो, कारण आपण पाहतो ते बहुधा जुने झालेले ऑइल. पेट्रोल इंजिनात घातलेले नवे ऑइल दीड-दोनशे किलोमीटर चालल्यावरही मधासारखे पारदर्शक पिवळसर असते. लालसर जांभ्यावर असा डाग पाण्यासारखाच दिसतो. फरक समजण्याचा मार्ग एकच : बोट लावून दोन बोटांत चोळून पाहणे. पाणी लगेच वाळते आणि ऑइलचा बुळबुळीतपणा पुसला तरी जात नाही. नातेवाइकांनी नंतर कळवले की तो डाग संध्याकाळपर्यंत वाळला नव्हता.

साखरप्याच्या अलीकडे रस्त्याच्या कामामुळे एका बाजूची वाहतूक थांबवून ठेवली होती. हातखंबा, पाली, नाणीज असा प्रवास करून इंजिन पुरेसे तापलेले होते, एसी चालू होता आणि गाडी जागेवर उभी होती. त्याच वेळी दिवा लुकलुकला. बहिणीने किंचित ॲक्सिलरेटर दाबल्यावर तो विझला. तिने तिथूनच मला फोन केला.

“दादा, तो किटलीसारखा लाल दिवा लागला होता मघाशी. आता गेलाय. काय करू?”

मी विचारले, “टेंपरेचर बरोबर आहे का? आवाज कसला येतोय का?”

“नाही. सगळं नेहमीसारखं आहे.”

मी म्हणालो, “आत्ताच तर सर्व्हिसिंग झालंय, ऑइल नवीन आहे. स्विच खराब झाला असेल. सावकाश वर ये, आंबा गावात पोहोचलीस की फोन कर.”

हेच ते चुकीचे उत्तर. ते का चुकले हे समजण्यासाठी हा दिवा नेमके काय सांगतो हे आधी पाहू.

दिवा कशाबद्दल बोलतो

बहुतेक गाड्यांमध्ये लाल रंगाचा, थेंब पडणाऱ्या ऑइल कॅनचे चित्र असलेला दिवा हा ऑइलच्या दाबाचा दिवा असतो. ऑइल किती शिल्लक आहे हे तो मोजत नाही. इंजिनच्या ब्लॉकवर, पंपाकडून पुढे जाणाऱ्या ऑइलच्या मार्गावर एक छोटा स्विच बसवलेला असतो. दाब साधारण ०.३ ते ०.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या खाली गेला की हा स्विच जोडला जातो आणि दिवा लागतो. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी तो लागलेला दिसतो आणि इंजिन सुरू झाल्यावर एक-दोन सेकंदांत विझतो, याचे कारण हेच : आधी दाब नसतो आणि नंतर तो तयार होतो. काही नव्या गाड्यांमध्ये पातळी कमी झाल्याचे सांगणारा वेगळा पिवळा दिवा असतो. तो लागल्यास सोयीच्या ठिकाणी थांबून ऑइल तपासण्याइतका वेळ असतो. लाल दिव्याच्या बाबतीत तसा वेळ धरून चालता येत नाही.

निरोगी गरम इंजिनात आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, असलेला दाब साधारण एक किलोच्या आसपास असतो आणि इंजिनाचा वेग वाढला की तो तीन-चार किलोपर्यंत जातो. म्हणजे दिवा लागतो तेव्हा दाब थोडासा कमी झालेला नसतो. आयडलिंगला असायला हवा त्याच्या निम्म्यापेक्षाही खाली तो गेलेला असतो. ही सूचना लवकर मिळणारी नसून अगदी शेवटची आहे, हे बहुतेक चालकांना कोणी सांगितलेलेच नसते. पेट्रोलचा दिवा लागल्यावर आपण आणखी तीस-चाळीस किलोमीटर जातो, आणि त्याच सवयीने ऑइलच्या दिव्याकडेही पाहतो.

क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, ज्या बेअरिंगमध्ये फिरतो त्यांत गोळ्या किंवा रोलर नसतात. पोलादी पाठीवर मऊ मिश्रधातूचा थर दिलेल्या त्या अर्धगोलाकार पट्ट्या असतात. क्रँक आणि पट्टी यांच्यामध्ये मिलिमीटरच्या तीन ते पाच शतांश एवढीच फट असते आणि तिच्यात दाबाने आलेल्या ऑइलच्या पातळ पडद्यावर क्रँक अक्षरशः तरंगत असतो. सगळे व्यवस्थित असेल तर लोखंडाला लोखंड लागतच नाही. पडदा फाटला की मऊ थर घासला जातो, तापतो, वितळतो आणि पट्टी क्रँकला चिकटून स्वतःच फिरू लागते. ३,००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगाला, क्रँक सेकंदाला ५० फेरे घेतो. दहा सेकंद म्हणजे ५०० फेरे. “जरा पुढच्या गावापर्यंत” हे अंतर इंजिनाच्या भाषेत किती मोठे आहे, याची कल्पना यावरून येते.

दाब कमी होण्याची कारणे अनेक आहेत. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठणाऱ्या भांड्यात, ऑइलच नसणे, पंप झिजणे किंवा तुटणे, पंपाची जाळी गाळाने बुजणे, दाब नियंत्रित करणारी व्हॉल्व्ह उघडी अडकणे, इंजिनाला सांगितलेल्यापेक्षा फार पातळ ऑइल घातले जाणे, आणि बेअरिंगच इतकी झिजणे की ऑइल फटींतून निसटून जावे. स्विच किंवा त्याची वायर बिघडणे हेही एक कारण आहे, आणि ते खरोखर बरेचदा आढळते. माझ्या उत्तराचे मूळ तिथेच होते. वर्कशॉपमध्ये येणाऱ्या अशा तक्रारींपैकी कित्येक वेळा स्विच बदलून काम भागलेले मी पाहिले होते. परंतु वर्कशॉपमध्ये तो निष्कर्ष आम्ही दाब मोजणारे गेज लावून काढतो. फोनवर गेज नसते, आणि दिवा विझला आहे एवढ्यावरून स्विचला दोष देण्याला कोणताही आधार नसतो.

त्याहून मोठी चूक दुसरी होती. “सर्व्हिसिंग आत्ताच झाले आहे” हे मी धीर देणारे कारण म्हणून वापरले. खरे तर ते संशयाचे कारण होते. अकरा दिवसांपूर्वी ज्या इंजिनाचा ड्रेन बोल्ट (जुने ऑइल सोडण्याचा तळाचा बोल्ट) आणि फिल्टर काढून पुन्हा बसवला आहे, त्याच इंजिनात ऑइल गळण्याची शक्यता सर्वाधिक असते : वायसर बदललेला नसतो, बोल्ट कमी आवळलेला असतो, फिल्टर नीट बसलेला नसतो, किंवा ऑइल मोजून घातलेले नसते. मी विचारायला हवे होते ते प्रश्न अगदी साधे होते. इंजिन चालू आहे का? असल्यास आत्ता बंद कर. गाडी सपाटीवर आहे का? दहा मिनिटे थांबून ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी बघ. गाडीखाली वाकून बघ. सकाळी जिथे गाडी लावली होती तिथे काही सांडले होते का? शेवटचा प्रश्न विचारला असता तर जांभ्यावरचा डाग तेव्हाच समोर आला असता. तिथे सपाट रस्ता होता, माणसे होती, फोनला रेंज होती आणि पुढे साखरप्यात मिस्त्री मिळाला असता. थांबण्यासाठी त्यापेक्षा चांगली जागा पुढे मिळणार नव्हती.

घाटात

घाट सुरू झाल्यावर तिसऱ्या की चौथ्या आवळत्या वळणावर दिवा पुन्हा लागला आणि गाडी सरळ होताच विझला. पुढच्या वळणावर तो अधिक वेळ राहिला. ही खूण मी जाणूनबुजून वेगळी लिहितो, कारण ती फार बोलकी आहे. चेंबरमधील पातळी खाली गेलेली असली की चढावर ऑइल मागच्या बाजूला सरते, वळणावर बाहेरच्या बाजूला जाते, आणि पंपाची जाळी क्षणभर उघडी पडून पंप हवा ओढतो. वळणावर लागणारा आणि सरळ रस्त्यावर विझणारा लाल दिवा म्हणजे बहुधा ऑइल कमी असल्याची खूण. स्विच बिघडलेला असता तर त्याने वळण कोणते हे पाहिले नसते. साखरप्यापाशी मात्र कारण थोडे वेगळे होते. तिथे पातळी बहुधा अजून जाळीच्या वर होती, पण गळतीमुळे दाब निसटत होता, गरम ऑइल पातळ झाले होते आणि आयडलिंगला पंप हळू फिरत होता. ॲक्सिलरेटर दाबताच दिवा विझला तो पंपाचा वेग वाढला म्हणून. त्यामुळे “रेस केल्यावर जातो” ही दिलासा देणारी गोष्ट मानू नये.

या दुसऱ्या वळणानंतर चढावर दिवा लागला तो विझलाच नाही. इथे बहिणीने माझा सल्ला बाजूला ठेवला. डावीकडे कठड्यालगत जागा दिसताच तिने गाडी घेतली आणि इंजिन बंद केले. तिच्या अंदाजाने यात आठेक सेकंद गेले. आधीचे लुकलुकणे धरून दिवा लागलेल्या अवस्थेत इंजिन चालले ते एकूण वीस सेकंदांच्या आत.

जागा फारशी चांगली नव्हती. गाडीचा मागचा भाग वळणाच्या तोंडाशी येत होता. सासूबाई म्हणाल्या, “अगं, सुरू करून जरा पुढे घे, मागून कोणी येऊन धडकेल.” त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. परंतु वरच्या बाजूला जाण्याऐवजी खालच्या बाजूला, सात-आठ मीटरवर, जागा रुंद होती. तिने चावी ऑन स्थितीतच ठेवली, त्यामुळे स्टिअरिंग लॉक झाले नाही, आणि इंजिन सुरू न करता ब्रेकवर गाडी मागे सोडली. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी मदत पहिल्या एक-दोन दाबांपुरतीच उरते, त्यानंतर पेडल दगडासारखे होते. म्हणून तिने पाय न उचलता एकाच दाबाखाली गाडी हळूहळू सरकवली. मागे एक ट्रक येऊन थांबला होता आणि त्याचा क्लीनर हाताने दिशा दाखवत होता, म्हणून हे शक्य झाले. तसे कोणी नसते तर मी तिला हे करायला सांगितले नसते. आंधळे वळण, बोगदा किंवा रेल्वे फाटक अशा ठिकाणी जिवाला धोका असेल, तर इंजिनाची पर्वा न करता ते सुरू करून गाडी बाहेर काढावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र तिथून सुरक्षित जागी पोहोचताच इंजिन बंद झाले पाहिजे.

गाडी चढावर उभी असल्याने मागच्या दोन्ही चाकांच्या मागे दगड लावले, पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, पार्किंग लाइट सुरू केले आणि त्रिकोणी फलक वळणाच्या खाली, वर येणाऱ्या वाहनांना आधीच दिसेल असा ठेवला.

ट्रकचालक खाली उतरले ते मदतीसाठीच, पण त्यांनी थांबण्याचे कारण आणखी एक होते. ते म्हणाले, “ताई, मागच्या दोन वळणांपासनं रस्त्याव ऑइल सांडत आलंय तुमचं.” बहिणीने ऑइलची पट्टी काढून पुसली, पुन्हा घातली आणि काढली. टिश्यू पेपरवर काहीही उमटले नाही. पट्टीच्या अगदी टोकाला एक थेंब होता, एवढेच. पट्टीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचे अंतर असते. पट्टी जवळपास कोरडी निघणे याचा अर्थ पातळी खालच्या खुणेच्याही बरीच खाली गेली होती.

ट्रकचालकांकडे डिझेल इंजिनाचे १५डब्ल्यू-४० ऑइल होते. “माझ्याकडं दोन लिटर हाय, वता आणि चला सावकाश. आंबा काय लांब न्हाई.” अडलेल्या माणसाला घाटात मिळणारी ही मदत मोलाची आहे आणि त्यांच्या हेतूबद्दल कृतज्ञताच आहे. गाडीत ५डब्ल्यू-३० असताना त्याहून घट्ट असे १५डब्ल्यू-४० घालणे हाही अडचणीच्या प्रसंगी फार मोठा दोष नव्हे. प्रश्न ऑइल कोणते हा नव्हताच. बहिणीने ट्रकचालकांना जे उत्तर दिले ते मला अजूनही या प्रकरणातले सर्वांत चांगले वाक्य वाटते : “दादा, गळतंय कुठून ते आधी बघू या.” तिने मोबाइलच्या टॉर्चने खाली पाहिले. चेंबर, त्याच्या मागची आडवी दांडी आणि सायलेन्सरचा पाइप ओलाचिंब होता. थेंब येत होते ते चेंबरच्या तळाच्या बोल्टवरून नव्हे तर वरून, फिल्टरच्या बाजूने. इंजिन बंद झाल्यावर ती धार थेंबांवर आली होती.

यातून बरेच काही कळते. ड्रेन बोल्टची गळती गुरुत्वाकर्षणाने होते, म्हणून गाडी उभी असतानाही चालूच राहते. फिल्टरची गळती पंपाच्या दाबाने होते. इंजिन चालू असेपर्यंत धार लागते आणि बंद केल्यावर ती जवळपास थांबते. म्हणूनच दोन दिवस अंगणात उभ्या गाडीखाली काही सांडले नाही आणि इंजिन सुरू केल्यावर मात्र काही मिनिटांत डाग पडला. अशा गळतीत वरून ऑइल ओतून इंजिन सुरू करणे म्हणजे तेच ऑइल रस्त्यावर ओतणे होय. शिवाय ते तापलेल्या एक्झॉस्टवर पडून पेट घेण्याचा धोका असतो, आणि घाटाच्या वळणावर मागून येणाऱ्या दुचाकीस्वारासाठी तो थर जीवघेणा ठरतो. ट्रकचालकांना हे लगेच पटले. त्यांनी आणि क्लीनरने खालच्या वळणावर कडेची माती टोपलीने आणून सांडलेल्या जागेवर टाकली. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

त्या ठिकाणी फोनला रेंज नव्हती. थोड्या वेळाने कोल्हापूरकडे जाणारी एस.टी. थांबली. वाहकांनी सासूबाईंना बसमध्ये घेतले आणि आंब्यात रेंज मिळताच मला फोन करून गाडीची जागा सांगितली. मी कोल्हापुरातून गाडी उचलून नेणारे सपाट तळाचे वाहन घेऊन निघालो. दोर बांधून टोचन लावून वर नेण्याचा पर्यायही पुढे आला होता. बहिणीने तो नाकारला आणि ते योग्यच होते, कारण चढ-उताराच्या वळणदार रस्त्यावर ब्रेकची मदत नसलेली गाडी दोराने ओढणे हा अनुभवी माणसांनीही टाळावा असा प्रकार आहे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांक आहे, परंतु रेंज नसलेल्या ठिकाणी तोही लागत नाही. अशा वेळी जाणाऱ्या वाहनासोबत निरोप पाठवणे हाच उपाय उरतो. आम्ही पोहोचलो तेव्हा अंधार पडून तास होऊन गेला होता. तोवर ट्रक तिथेच तिच्या गाडीच्या मागे, दिवे लावून उभा होता.

वर्कशॉपमध्ये

दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्टर काढण्यापूर्वी मी एक चाचणी केली. इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलचे आणि इंजेक्टरचे कनेक्टर सोडून ठेवले, दोन लिटर ऑइल ओतले, खाली ट्रे ठेवला आणि दहा सेकंद नुसत्या स्टार्टरवर इंजिन फिरवले. ट्रेमध्ये साधारण २०० मिलिलिटर ऑइल जमले. स्टार्टरवर इंजिन मिनिटाला जेमतेम दोन-अडीचशे फेरे घेते. चढावर ते त्याच्या दहापट वेगाने आणि कितीतरी जास्त दाबाने फिरते. ट्रकचालकांचे दोन लिटर किती वेळ पुरले असते याचा हिशेब करायला हा आकडा पुरेसा आहे. ते आंब्यापर्यंत पुरले नसते.

फिल्टर हाताने सहज सुटला. इंजिनच्या तोंडावर, जिथे फक्त घासलेला स्वच्छ धातू दिसायला हवा, तिथे एक काळी रबरी रिंग चिकटलेली होती. ती जुन्या फिल्टरची पॅकिंग होती. जुना फिल्टर काढताना ती उष्णतेने ब्लॉकला चिकटून राहिली आणि नवा फिल्टर स्वतःच्या रिंगसह तिच्यावरच बसवला गेला. नव्या फिल्टरच्या कडेला रिंग बसण्यासाठी खाच असते. दोन रिंगा एकावर एक आल्या की वरच्या रिंगला धरून ठेवणारे काहीच उरत नाही. काही दिवस ती चिकटून राहते. मग एखाद्या थंड सकाळी, इंजिन सुरू करताना ऑइल घट्ट असल्याने दाब एकदम उंच जातो आणि रिंग कडेने सरकते. रत्नागिरीत तेच झाले. चढावर दाब वाढला तशी ती आणखी सरकली. मी पाहिले तेव्हा अंगठ्याएवढ्या रुंदीची रिंग फिल्टरच्या कडेबाहेर आली होती आणि तिची धार चावल्यासारखी कुरतडलेली होती.

ही चूक कोणाच्या हातून होते हे मला ठाऊक आहे, कारण उमेदवारीच्या काळात ती माझ्याही हातून झाली होती. या इंजिनात फिल्टर मागच्या बाजूला, एक्झॉस्टच्या खाली आहे. तो डोळ्यांनी दिसत नाही, हातानेच काढावा-घालावा लागतो. म्हणून काढलेल्या फिल्टरला रिंग लागलेली आहे की नाही हे आधी पाहायचे, ब्लॉकचे तोंड कापडाने पुसून त्यावरून बोट गोल फिरवायचे, नव्या रिंगला बोटाने ऑइल लावायचे, रिंग टेकल्यावर हाताने साधारण पाऊण फेरा आवळायचे, आणि शेवटी इंजिन चालू ठेवून दोन मिनिटे खाली वाकून पाहायचे. या सगळ्याला पाच मिनिटे लागतात. बहिणीने त्या गॅरेजमध्ये रिंग आणि फोटो नेऊन दाखवले, तेव्हा मालकांनी वाद न घालता चूक मान्य केली आणि ऑइल-फिल्टरचा खर्च दिला.

आता प्रश्न उरला इंजिनाचा. चेंबरमधून जेवढे जुने ऑइल शिल्लक होते ते, चाचणीपूर्वीच, काढून मोजले होते : ९०० मिलिलिटर भरले. ते पांढऱ्या सुती कापडातून गाळले आणि कापड उन्हात धरून पाहिले. बेअरिंग गेलेले असते तर त्यात चमकणारे कण दिसतात. सोनेरी अभ्रक घोळल्यासारखे ऑइल चमकते. तसे काही नव्हते. काढलेला फिल्टर कापून त्याच्या आतल्या कागदाच्या घड्या उलगडल्या; लोहचुंबकालाही काही लागले नाही. तरीही समाधान झाले नाही, म्हणून चेंबर उतरवून पंपापासून सर्वांत दूरच्या सिलिंडरची, पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडची टोपी खोलली. तिथल्या बेअरिंगच्या पट्टीच्या मध्यभागी पाच-सहा बारीक रेघा होत्या, नखाला न लागणाऱ्या. मऊ थर शाबूत होता. वीस सेकंदांची खूण ती एवढीच होती. आणखी एक-दोन मिनिटे इंजिन चालले असते तर काय दिसले असते, हे दुसऱ्या एका गाडीवरून सांगू शकतो. तिच्या चालकाने दिवा लागल्यावर चार किलोमीटर गाडी चालवली होती. आमच्याकडे ती आली तेव्हा इंजिन जाम झाले होते, तिसऱ्या सिलिंडरचा रॉड मोडून ब्लॉकच्या बाजूने बाहेर आला होता आणि ब्लॉकसह इंजिन बदलण्यावाचून मार्ग उरला नव्हता.

विम्याचा मुद्दा इथेच नोंदवतो, कारण अनेकांची त्यावर भिस्त असते. आपल्याकडील मोटार विम्याच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि परिणामी होणारे नुकसान वगळलेले असते. दगडावर चेंबर आपटून फुटल्यास चेंबर मिळू शकतो, परंतु दुरुस्तीपूर्वी गाडी पुढे चालवून वाढवलेले नुकसान मालकाच्या स्वतःच्या जोखमीवर राहील अशी अट पॉलिसीत लिहिलेली असते. इंजिनासाठी वेगळे जोडसंरक्षण मिळते, तरी त्याच्याही अटी वाचूनच घ्याव्या लागतात.

ब्लॉक साफ करून, नवा फिल्टर आणि पूर्ण ऑइल घालून, स्पार्क बंद ठेवून स्टार्टरवरच दिवा विझेपर्यंत इंजिन फिरवले, म्हणजे कोरड्या बेअरिंगवर ते सुरू होऊ नये. त्यानंतर स्विच काढून त्या जागी दाबाचे गेज लावले. पूर्ण तापल्यावर आयडलिंगला १.१ आणि ३,००० आरपीएमला ३.२ किलो दाब मिळाला. दोन्ही आकडे ठीक आहेत. १,००० किलोमीटर झाल्यावर बहिणीने गाडी पुन्हा आणली. ऑइलच्या पट्टीवर ऑइल वरच्या खुणेपाशीच होते आणि दाब तेवढाच भरला.

गेज लावण्यासाठी काढलेला स्विच मी बाकावर हवेच्या लाइनला जोडून तपासला होता. फोनवर मी ज्याला दोष दिला तो हाच. दहा वेळा दाब चढवला आणि उतरवला. दहाही वेळा ०.४ किलोच्या आसपास दिवा विझला आणि तेवढ्यालाच पुन्हा लागला. तो धुऊन त्याच जागी परत बसवला.